गेओ मिलेव: अभिव्यक्तिवादी की क्रांतिकवी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.ला युरोपीय आधुनिकतावादाच्या पेपरसाठी तुम्ही बल्गेरियन कवी गेओ मिलेव निवडलाय. काही ठिकाणी तो वास्तववादाला नाकं मुरडणारा, शुद्ध कलेचा कैवारी म्हणून भेटतो. काही ठिकाणी 'सप्टेंबर' ही १९२३ च्या बंडावरची कविता लिहून जीव गमावलेला डावा क्रांतिकवी म्हणून. हे दोघे एकच आहेत यावर तुमचा विश्वास बसत नाही, आणि वाचायला सुरुवात कुठून करावी तेही कळत नाही.

हा गोंधळ तुमचा एकटीचा नाही. मिलेवचे दोन तुकडे वाचकांनी आणि सरकारांनी मिळून केले आहेत. १९४४ नंतरच्या कम्युनिस्ट बल्गेरियाला 'सप्टेंबर'चा कवी हवा होता. तो शाळेच्या पुस्तकांत गेला आणि त्याआधीचं लेखन तरुण वयातलं भरकटणं म्हणून बाजूला सारलं गेलं. १९८९ मध्ये ती राजवट गेली आणि वारं फिरलं. अभिव्यक्तिवादी (बाहेरचं जग जसंच्या तसं रेखाटण्याऐवजी आतली खळबळ मोडूनतोडून, तीव्रपणे मांडणारा) मिलेवला मान मिळू लागला आणि 'सप्टेंबर'चा विषय निघाला की काही जण घसा खाकरू लागले. इंटरनेटवर या दोन्ही काळांतली पानं शेजारी शेजारी सापडतात, म्हणून तुम्हाला दोन माणसं दिसतात.

तेव्हा दोघांतला खरा कोण, हे निबंधापुरतं सोडून द्या. मी असा प्रश्न घेईन: १९२२ ते १९२४ या दोन वर्षांत त्याची लिहिण्याची रीत बदलली, की नुसता विषय आणि समोरचा श्रोता बदलला? माझं मत स्पष्ट आहे. रीत तीच राहिली. 'सप्टेंबर' ही अभिव्यक्तिवाद सोडल्यावर लिहिलेली कविता नाही, तो त्याच्या अभिव्यक्तिवादाचा सर्वांत मोठा प्रयोग आहे. अर्थात पेपर राजकीय कवितेवर असता तर भर वेगळा द्यावा लागला असता. आणि फक्त इंग्रजी भाषांतर हाताशी असेल तर कवितेचा शेवट जरा जास्तच घोषणाबाज वाटतो, हेही खरं. पण तुमचा विषय आधुनिकतावाद आहे, म्हणून त्या अंगाने सांगते.

आधी माणूस. गेओर्गी मिलेव कासाबोव, जन्म जानेवारी १८९५, दक्षिण बल्गेरियातलं रादनेवो. वडील शिक्षक होते; पुढे स्तारा झागोरा शहरात त्यांनी पुस्तकांचं दुकान आणि प्रकाशन चालवलं. पुस्तकांच्या दुकानात वाढलेलं पोर काय करणार? सोफिया विद्यापीठात काही काळ काढून १९१२ मध्ये तो लाइपझिगला गेला आणि रिखार्ड डेमेल या जर्मन कवीवर प्रबंधाचं काम सुरू केलं. १९१४ मध्ये लंडनला गेला, तिथे एमिल व्हेरहारेन या बेल्जियन कवीची भेट झाली. तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि परतीच्या वाटेवर हॅम्बुर्गला जर्मनांनी इंग्रजांचा हेर समजून त्याला पकडलं. सुटून १९१५ मध्ये घरी आला आणि लगेच 'लिरिक फिरती पानं' काढू लागला: मालार्मे आणि व्हेरलेन हे फ्रेंच कवी, शिवाय डेमेल, व्हेरहारेन यांचे अनुवाद, छोट्या स्वस्त पुस्तिकांतून, एका प्रांतिक शहरातून, ऐन युद्धात. हा तपशील मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. ज्याला आपण हस्तिदंती मनोऱ्यातला कवी म्हणतो, तो विशीतच कविता रस्त्यावर कशी न्यावी याच्या खटपटीत होता.

१९१६ मध्ये सैन्यात भरती. दोइरान सरोवराच्या आघाडीवर, समोरच्या इंग्रज फौजेचे टेलिफोन चोरून ऐकण्याच्या ठाण्यावर त्याची नेमणूक झाली. इंग्रजी येत होतं ना. २९ एप्रिल १९१७ रोजी तिथे तोफगोळा पडला. उजवा डोळा गेला, कवटीचा काही भाग गेला. उपचारांसाठी तो बर्लिनला गेला, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. छायाचित्रांत त्याच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूवर केसांची दाट झुलपं दिसतात, ती याच जखमेवर ओढलेली.

बर्लिनमधल्या त्या महिन्यांत तो अभिव्यक्तिवादाच्या ऐन भट्टीत होता. युद्ध हरलेलं शहर, क्रांतीची धामधूम, 'दी आक्त्सिओन'सारखं नियतकालिक, ज्यात चित्रकला, कविता आणि युद्धविरोधी राजकारण एकाच पानावर नांदत होतं. इथे मी विद्यार्थ्यांना थांबवते. जर्मन अभिव्यक्तिवादात शैली आणि राजकारण यांच्यात भिंत नव्हतीच. मिलेवने तो उचलला तो असा अख्खा. मग १९२४ मध्ये त्यातून राजकारण बाहेर आलं तर त्यात धक्का बसण्यासारखं काय आहे?

१९१९ मध्ये सोफियाला परतून त्याने 'वेझ्नी', म्हणजे तराजू, हे मासिक काढलं. ते १९२२ पर्यंत चाललं. चित्रकार-समीक्षक सिराक स्कितनिक, गद्यलेखक चावदार मुताफोव असे लोक त्याच्याभोवती होते. मासिकात चित्रांना कवितेइतकीच जागा होती. वास्तववादाविरुद्धचे त्याचे सगळे तिखट लेख याच काळातले, आणि शुद्ध कलेचा कैवारी ही त्याची ख्याती इथूनच आलेली. 'क्रूर कडं' हा कवितासंग्रह १९२० चा.

पण तुमच्या निबंधासाठी मी 'वेझ्नी'तला एकच लेख निवडीन: 'फ्रागमेंत', म्हणजे तुकडा, १९१९. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत मांडते. जुनी कविता वर्णन करते, दुवे जोडत जाते, आधी हे मग ते, म्हणून हे. नव्या कवीने हे दुवे गाळावेत. उरलेले तुकडे इतके तापलेले हवेत की मधली उडी वाचकाने स्वतः मारावी. हे तंत्र झालं आणि त्यामागे जगाविषयीचा एक अंदाजही आहे: युद्धानंतर जग सलग राहिलेलंच नाही, मग ते सलग लिहायचं कशाला? कवटीचा तुकडा गमावलेल्या माणसाने हे लिहावं यावर समीक्षकांनी बरंच लिहिलंय. मी त्यावर फार रेंगाळत नाही, कारण तुकड्यांची ही ओढ त्या काळी ज्यांना खरचटलंही नव्हतं अशा अनेक युरोपीय कवींनाही होती.

आता दोन टाचण्या, ज्या त्या दोन वर्षांच्या आधीच टोचलेल्या आहेत. पहिली: रशियन कवी अलेक्सांद्र ब्लोकची 'बारा' ही रशियन क्रांतीवरची कविता मिलेवने १९२० मध्येच बल्गेरियनमध्ये आणली. म्हणजे शुद्ध कलेच्या ऐन भरात. 'सप्टेंबर'चे भागही बाराच आहेत, हे लक्षात ठेवा. दुसरी: १९२२ चं 'मूर्ती झोपल्या आहेत' हे छोटं पुस्तक. (मूर्ती म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या लाकडी पाटांवरच्या संतप्रतिमा.) यात बल्गेरियन लोकगीतांवर केलेली पाच रूपांतरं आहेत. लोकगीतातला झ्मेय, मुलींवर भाळणारा तो पंखवाला नाग, इथे येतो. पण गोष्ट सांगितली जात नाही, फक्त भीती आणि ओढ यांचे झटके उरतात. गावाचा सामूहिक आवाज आणि मोडलेली, धापा टाकणारी ओळ, दोन्ही एकत्र. मी वर्गात या पुस्तकातलं एक पान आणि 'सप्टेंबर'मधलं एक पान नावं झाकून वाटते आणि कुठलं आधीचं ते विचारते. बरोबर ओळखणारे फार नसतात.

मग घडलं काय? ९ जून १९२३ रोजी लष्करी अधिकारी आणि उजव्या गटांनी उठाव करून अलेक्सांदर स्तांबोलिस्कींचं शेतकरी पक्षाचं सरकार उलथवलं आणि काही दिवसांतच स्तांबोलिस्कींना क्रूरपणे मारलं. सप्टेंबरमध्ये कम्युनिस्टांच्या पुढाकाराने, शेतकरी पक्षाच्या काही लोकांसह बंड झालं. बंदुका तुटपुंज्या, आखणी कच्ची. महिना संपायच्या आत ते चिरडलं गेलं. त्यानंतर खेड्याखेड्यांत, बऱ्याचदा खटल्याशिवाय, माणसं मारली गेली. मिलेवने त्याच वर्षी जर्मन अभिव्यक्तिवादी नाटककार अर्न्स्ट टोलरचं जमाव आणि माणूस यांच्यावरचं नाटक सोफियात बसवलं होतं. जानेवारी १९२४ मध्ये त्याने 'प्लामाक', म्हणजे ज्वाला, हे नवं मासिक सुरू केलं, आणि त्याच्या ७-८ या जोडअंकात 'सप्टेंबर' छापली. अंक जप्त झाला.

आता कवितेकडे. तिची सुरुवात कुठल्याही नेत्यापासून, तारखेपासून किंवा गावापासून होत नाही. रात्र आपल्या मेलेल्या उदरातून गुलामाचा युगानुयुगांचा राग जन्माला घालते. मूळ बल्गेरियनमध्ये इथे 'उत्रोबा', 'झ्लोबा', 'रोबा' असे तीन शब्द एकमेकांवर आदळतात: उदर, द्वेष, गुलाम. पुढे एकेका शब्दाच्या ओळी. मग दऱ्याखोऱ्यांतून, उपाशी शेतांतून, चिखलातल्या गावांतून माणसं निघतात. क्रियापदं मागे पडतात आणि यादी सुरू होते: कुठून कुठून, काय काय घेऊन. काठ्या, कुऱ्हाडी, दाताळी. आणि अचानक सूर्यफुलं. सूर्यफुलांनी सूर्याकडे पाहिलं, एवढंच. थोड्या वेळाने: सूर्यफुलं धुळीत पडली. यांच्यामध्ये जे घडलं ते दोन प्रतिमांच्या फटीत आहे. 'फ्रागमेंत' लेखात मागितलं होतं ते हेच, आणि इथे ते शेतकऱ्यांच्या बंडाच्या कामी आलंय.

माझ्या मते कवितेतली सर्वांत धारदार जागा सैनिकांच्या भागात आहे. पितृभूमी आपल्या लेकरांना हाक मारतेय, असा सरकारी भाषणाचा सूर लागतो. कवी म्हणतो: सुंदर! पण पितृभूमी म्हणजे काय? उत्तर येत नाही. पुढची ओळ मशीनगन भुंकण्याची. प्रचारकी कवितेने इथे उत्तर दिलं असतं, खरी पितृभूमी कुठली ते समजावलं असतं. मिलेव प्रश्न आणि गोळीबार शेजारी ठेवून मोकळा होतो. निबंधात एकाच जागेचं बारकाईने वाचन करायचं असेल तर ही घ्या.

पोप आंद्रेइचा भाग बहुतेकांच्या लक्षात राहतो. हा खरा माणूस: मेदकोवेत्स गावचा पाद्री आंद्रेइ इग्नातोव. बंडात त्याने तोफ चालवली आणि नंतर त्याला तारेच्या खांबाला फाशी दिलं. कवितेत काळ्या झग्यातला तो एकामागून एक गोळे डागतो आणि शेवटचा गोळा देवाच्या घरावर, जिथे तो स्वतः स्तोत्रं गात आला त्या चर्चवर सोडतो. इथे कविता थोडा वेळ गोष्ट सांगते, अपवाद म्हणून. सगळी कविता तुकड्यांची असल्यामुळेच हा एक सलग चेहरा इतका उठून दिसतो. परीक्षकाने तुकड्यांच्या सिद्धांतावर बोट ठेवलं तर हे उत्तर तयार ठेवा.

शेवटाकडे एकदम होमर येतो: अकिलिसचा क्रोध, आगामेम्नॉन, ट्रॉय. बल्गेरियातल्या चिखलाच्या खेड्यांतून थेट ग्रीक महाकाव्यात. मग तो शेवट: देव नको, धनी नको, पृथ्वी स्वर्ग होईल, सप्टेंबर मे होईल, वर, वर! इथे मी तुमच्याशी प्रामाणिकपणे बोलते. हा शेवट मला आजही बाकीच्या कवितेइतका पटत नाही. आवाज मोठा आहे आणि फटी बुजल्या आहेत. पण त्याला पक्षाची घोषणा म्हणू नका. मिलेव पक्षाचा सभासद नव्हता, आणि देव व धनी दोघांनाही एकाच दमात बाहेर काढणारी ही ओळ कुठल्याही केंद्रीय समितीपेक्षा अराजकवादाच्या जवळची आहे.

आतापर्यंतचं गोळा करू. 'वेझ्नी'च्या काळात मोडक्या ओळीचा सिद्धांत. १९२० मध्ये ब्लोकचा अनुवाद. १९२२ मध्ये लोकगीताचा सामूहिक आवाज. १९२३ मध्ये टोलर. १९२४ मध्ये हे सगळं एका खऱ्या कत्तलीवर येऊन आदळलं. यात सांधे आहेत, फूट नाही.

मग बदललं काहीच नाही? बदललं, आणि ते लपवू नका. 'वेझ्नी' कलावंतांशी बोलत होतं, 'प्लामाक' लोकांशी. 'तरुणांची कविता' या १९२४ च्या लेखात तो प्रतीकवादाच्या (थेट न सांगता प्रतीकांतून सुचवणाऱ्या आधीच्या काव्यपंथाच्या) हस्तिदंती वारशावर तुटून पडतो आणि कवितेने रानटी ताकद, जनतेचं रक्त मागावं असं म्हणतो. चार वर्षांपूर्वीचा मिलेव हे असं बोलला नसता. भूमिका बदलली, हात तोच राहिला. शिवाय तो एकटाही नव्हता: असेन राझत्स्वेत्निकोव आणि निकोला फुर्नाजिएव यांनीही याच बंडावर कविता लिहिल्या. फुर्नाजिएवचा 'वसंतवारा' (१९२५) मिळाला तर शेजारी ठेवून वाचा. त्याच विषयावर लोकगीताच्या लयीत लिहिणारा कवी समोर आला की मिलेवची तोडमोड किती जाणीवपूर्वक आहे ते आपोआप दिसतं.

आता मृत्यू. १६ एप्रिल १९२५ रोजी सोफियाच्या स्वेता नेदेल्या चर्चमध्ये एका जनरलच्या अंत्यविधीच्या वेळी कम्युनिस्टांच्या लष्करी शाखेने स्फोट घडवला. दीडशेच्या आसपास माणसं मेली. लष्करी कायदा आला आणि सरकारी यंत्रणेने डावे कार्यकर्ते, पत्रकार, लेखक उचलायला सुरुवात केली. मिलेववर 'सप्टेंबर'साठी राज्यसंरक्षण कायद्याखाली खटला चालू होताच. १४ मे रोजी एक वर्षाची कैद, २०,००० लेव्हा दंड आणि नागरी हक्क काढून घेण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी छोट्याशा चौकशीसाठी म्हणून पोलिसांनी त्याला नेलं. तो परत आला नाही. वय तीस. त्याच सुमारास कवी ख्रिस्तो यासेनोव, सेर्गेइ रुम्यान्त्सेव आणि पत्रकार योसिफ हर्ब्स्त हेही असेच नाहीसे केले गेले. यासेनोव तर नखशिखांत प्रतीकवादी; तेव्हा कुठल्या शैलीत लिहिलं यावर जीव वाचत नव्हता. १९५४ मध्ये सोफियाजवळच्या इलियेन्त्सी इथे सामूहिक खड्ड्यातले अवशेष सापडले. कवटीवरची युद्धातली जखम आणि काचेचा डोळा यांवरून मिलेवची ओळख पटली.

ही हकिकत अंगावर येते, आणि नेमकी तिथेच निबंधांची वाट लागते. बल्गेरियन कवितेत हा धोका जरा जास्त आहे: बोतेव १८७६ च्या बंडात गेला, देबेल्यानोव १९१६ मध्ये आघाडीवर, वाप्त्सारोवला १९४२ मध्ये गोळ्या घातल्या. मरणाकडून मागे वाचत येण्याची सवयच लागते, आणि मग 'सप्टेंबर'मधल्या प्रत्येक ओळीत कवीला आपला अंत दिसत होता असं वाटू लागतं. त्याला दिसत नव्हता. तो पुढच्या अंकाची तयारी करत होता. १९२५ मध्येच त्याने बल्गेरियन कवितेचं एक संकलन काढलं. संपादनात गढलेला माणूस आहे हा. म्हणून मी सांगते, मृत्यूचा परिच्छेद सुरुवातीला टाकू नका. कवितेचं वाचन झाल्यावर टाका, आणि खटला कवितेवर झाला एवढाच संबंध जोडा.

वाचनाचा क्रम मी असा ठेवीन: आधी 'फ्रागमेंत', मग 'मूर्ती झोपल्या आहेत' मधल्या एक-दोन कविता, मग 'सप्टेंबर' एका बैठकीत, मोठ्याने. मग 'तरुणांची कविता'. 'अभिव्यक्तिवादी दिनदर्शिका' (१९२१) हे छोटं गद्य गंमत म्हणून वाचा. त्यातला तिरकसपणा बाकी कुठे इतका मोकळा सापडत नाही. 'नरक' आणि 'क्रोधाचा दिवस' या लांब कविता अपुऱ्या राहिल्या, त्या वेळ उरला तर. बल्गेरियन येत नसेल तरी 'सप्टेंबर'चं मूळ पान एकदा समोर धराच, अक्षरं लागली नाहीत तरी चालेल: ओळी कुठे एका शब्दावर तुटतात, उद्गारचिन्हं आणि डॅश कुठे गर्दी करतात, पान कुठे रिकामं सोडलंय. भाषांतरांत या तोडलेल्या ओळी बऱ्याचदा पुन्हा सांधलेल्या असतात. दोन्ही पानं शेजारी ठेवून हे फरक टिपलेत तर तुमच्या निबंधाचं निम्मं टिपण तिथेच तयार होईल.